शास्त्रींच्या तळहातावरचं पाणी

क्रांती चौक

परग्रहावर जायचं असेल तर क्रांती चौकात उतरून रिक्षा करावी लागते. मी तशी केली. रिक्षावाल्याला "सातारा परिसर" म्हणाले आणि माझं मलाच हसू आलं. आदल्या संध्याकाळी कोल्हापूरहून निघाल्यावर खरं सातारा मी झोपेत मागं टाकलं होतं, आणि रात्रभर अंग आंबवून घेतल्यावर पुन्हा साताऱ्यालाच निघाले होते. इथलं सातारा म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं जुनं गाव आणि त्याच्याभोवती दहा-पंधरा वर्षांत उगवलेल्या इमारती. पूर्वी बसच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं असे, आता छत्रपती संभाजीनगर असतं. ऊन दोन्ही नावांना सारखंच लागतं.

सकाळचे नऊ वाजले होते आणि शहर आधीच थकलेलं दिसत होतं. दुष्काळाचं हे ओळीनं दुसरं वर्ष. झाडांवर धूळ, माणसांच्या भुवयांवर धूळ, आणि रस्त्याच्या मधोमध गळत चाललेला पाण्याचा टँकर. त्या गळणाऱ्या धारेमागं दोन कुत्री इतक्या शिस्तीत चालली होती की मला आमच्या नाटकमंडळीची आठवण झाली. मी तीस वर्षं हौशी नाटकांत कामं केली, त्यातली निम्मी पडद्याआडून दुसऱ्यांना वाक्यं पुरवण्याची. चौकाच्या कोपऱ्यावर नव्या इमारतींची मोठी जाहिरात होती. निळाशार पोहण्याचा तलाव, त्यात हसणारं कुटुंब. टँकर त्या जाहिरातीखालीच सिग्नलला थांबला.

माझ्या पिशवीत दोन साड्या, कोल्हापुरी चटणीची बरणी आणि एक पुस्तक होतं. या साऱ्या प्रवासाचं कारण ते पुस्तक.

माझा चुलतभाऊ वसंतदादा त्र्याहत्तर वर्षांचा आहे. आमचं घराणं मूळचं देवगाव रंगारीचं. निम्मे भिक्षुकी करणारे, निम्मे कचेरीत कारकून. दादानं दोन्ही केलं. दिवसा तहसिलात, सकाळ-संध्याकाळ लोकांकडे पूजा, लग्नं, मुंजी. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. आता त्याच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. त्याची मुलगी मेधा कॅनडात असते. तिच्या मुलाची, आयुषची, मुंज ठरली होती आणि ती आजोबांनीच लावावी, आणि मग आजोबांनी तिथंच राहावं, असा तिचा हट्ट. तिकीट काढलेलं होतं. दादा "येतो" म्हणत नव्हता आणि "येत नाही" असंही म्हणत नव्हता. शेवटी त्यानं एक अट घातली. तरुणपणी वाचलेली एक विज्ञानकादंबरी होती, परग्रहावर गेलेल्या एका शास्त्रींची. तिचा शेवट ऐकायचा राहिलाय. तो ऐकला की निघतो.

मेधानं रडवेल्या आवाजात मला फोन केला. "आत्या, परवा बाबांनी आमटीत मिठाऐवजी खायचा सोडा घातला आणि तशीच जेवले. आणि इकडे मला कादंबरी शोधायला सांगतायत."

मी तीन आठवडे कोल्हापूर पालथं घातलं आणि एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या गठ्ठ्यात ती प्रत मिळवली. मुखपृष्ठ गेलेलं, नावाचं पान गेलेलं, लेखक कोण ते कळायला मार्ग नाही. पण गोष्ट तीच. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की मेधाला फोन करून "बॅग भरायला घ्या" असं नाटकी आवाजात सांगून टाकलं.

आणि मग बसमध्ये, नगरच्या अलीकडे सकाळच्या चहाला थांबलो तेव्हा, मी शेवट चाळून बघितला. पान एकशे शहात्तरनंतर पुन्हा पान एकशे एकसष्ट येत होतं. तीच सोळा पानं दोनदा बांधली होती. शेवटची सोळा पानं नव्हतीच. एकशे शहात्तराव्या पानाच्या तळाला शास्त्री तळहातावर पाणी घेतात, डोळे मिटतात "आणि", बस. पुढं काही नाही.

मी चहाचा दुसरा कप घेतला. तोही गोडच होता.

सातारा परिसर

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. इमारत नवी, नळ नवे, नळांना पाणी नाही. महापालिकेची पाइपलाइन इथवर पोचलेली नव्हती. सगळं टँकरवर.

दार कडूबाईनं उघडलं. ही देवगावाकडचीच. आधीच्या एका दुष्काळात तिकडची विहीर आटल्यावर नवऱ्याबरोबर शहरात आली आणि गेली तीन वर्षं दादाचं सगळं बघते. तिनं मला पाणी दिलं. अर्धा ग्लास. मी प्याले. मग तिनं विचारलं, "आजून देऊ?"

आमच्याकडं पाहुणा आला की तांब्या-भांडं समोर ठेवतात, तो घोटभर पितो आणि उरलेलं कुंडीत जातं. इथं अर्धा ग्लास देतात आणि विचारतात. पहिल्यांदा मला ते जरा कंजूषपणाचं वाटलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत मीही अर्धाच भरून घेऊ लागले, आणि कोल्हापूरच्या कुंडीत गेलेल्या पाण्याची आठवण आली की कानकोंडं व्हायला लागलं.

दादा खुर्चीत बसला होता. माझ्याशी बोलताना तो माझ्या शेजारच्या कपाटाकडे बघत होता. तिकडं बघितलं की कडेनं मी दिसते. आधी मी दोनदा मागं वळून पाहिलं, कपाटात कोण आहे म्हणून.

"शके, जाडी झालीस."

"तू कपाटाला म्हणतोयस."

"कपाट होतं तेवढंच आहे."

मग म्हणाला, "पुस्तक खरंच मिळालं?" मी ते त्याच्या हातात ठेवलं. त्यानं पानांवरून अंगठा फिरवला, मागं उरलेल्या पुठ्ठ्याची कड चाचपली, पाठीच्या दोऱ्यांवर बोट नेलं. चेहऱ्यावर आनंद नव्हता. उशीर झालेली गाडी शेवटी आली आणि आता चढावं लागणार, अशा माणसाचा चेहरा होता तो. मी माझ्याच लबाडीत इतकी गुंतले होते की मला ते तेव्हा कळलं नाही. शेवट नाही हे त्याला सांगायचं नाही, एवढं मी जिना चढतानाच ठरवलं होतं. चार दिवस वाचायचं, आणि गुरुवारी शेवट मी माझ्या मनानं वाचून दाखवायचा. वाक्यं पुरवण्यात आयुष्य गेलंय. सोळा पानं काय जड आहेत?

जेवायला भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की दहा मिनिटांत आमटी. भाजी नसली, डाळ नसली, तरी चालतं. दुष्काळी मुलखाचा स्वयंपाक किती शहाणा असतो ते मी त्या चार दिवसांत शिकले. अंघोळीला अर्धी बादली, तीही मोठ्या घमेल्यात उभं राहून, कारण ते पाणी नंतर संडासाला. घमेल्यात उभी असताना मला आपण देवघरातल्या ताम्हनातल्या मूर्ती आहोत असं वाटलं. फक्त माझ्यावर दूध घालायला कोणी नव्हतं.

दुपारी वाचन सुरू झालं.

गोष्ट अशी. आकाशातून एक आवाज ऐकू येऊ लागतो. दोन ठोके पुढं, दोन मागं, मग तीन पुढं, तीन मागं. शास्त्रज्ञांना त्याचा अर्थ लागत नाही. नाशिककडच्या एका शास्त्रींना लागतो, कारण लहानपणापासून ते वेद असेच म्हणत आलेत, शब्द पुढं-मागं करत, एकही सांडू न देता. म्हणून यानात शास्त्रज्ञांबरोबर शास्त्रींनाही घेतात. तिथं पोचल्यावर दिसतो एक कोरडा गोल, नदी नाही, तळं नाही, आणि ज्वारीच्या ताटाएवढे उंच, बारीक लोक, जे दिवसभर पठण करतात. कोणापुढं करत नाहीत. मूर्ती नाही, देऊळ नाही, मागणं नाही. शास्त्रज्ञ लिहून ठेवतात की यांना धर्म नाही. शास्त्रींना वाटतं, आपल्यापेक्षा यांचाच खरा असेल.

"थांबा ताई," कडूबाई दारात भांडं घासायचं सोडून म्हणाली. "नदी नाय, तळं नाय, मंग ते लोक पेतेत काय?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिव्हणाऱ्याला कधी टँकरची वाट बघावी लागली नसंल."

दादा कपाटाकडे बघत हसला.

शास्त्री रोज तिथं पूजेला बसतात. यानातून आणलेलं पळीभर पाणी तळहातावर घेतात आणि संकल्पाला अडतात. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुठल्याही पूजेआधी तळहातावर पाणी घेऊन देवाला आपला पत्ता सांगायचा असतो. काळ कोणता, द्वीप कोणतं, देश कोणता, आणि गोदावरीचा कोणता काठ, उत्तर की दक्षिण. मग नाव-गोत्र सांगून पाणी सोडायचं. माझे वडील देवगावहून कोल्हापूरला नोकरीला गेले तेव्हा वर्षभर सवयीनं "उत्तर तीरी" म्हणायचे आणि आई मागून "दक्षिण, दक्षिण" करत दटावायची. म्हणायची, देव बिचारा देवगावात शोधत बसेल.

परग्रहावर शास्त्रींना पत्ताच सांगता येत नाही. रोज पाणी घेतात, रोज परत भांड्यात ओततात. आणि एक दिवस तिथला एक जण त्यांना विचारतो, "तुझा देव तुझ्या आधी इथं पोचला होता, की तू त्याला बरोबर आणलंस?"

दादानं ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून मी वर पाहिलं तर त्याचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपला.

"पुढं," तो म्हणाला.

असे दोन दिवस गेले. माझा घसा कोरडा पडायचा, अर्धा ग्लास यायचा, मी वाचायचे. मध्येच खालून टँकरचा हॉर्न वाजला की कडूबाई, मी आणि अख्खी इमारत बादल्या घेऊन जिन्यावर. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून सोसायटीनं पाटी लावली होती. तीन मजले भरल्या बादल्या चढवून आलं की परग्रह फार लांबचा वाटत नसे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन बायका उंबऱ्यात येऊन बसल्या. कडूबाई त्यांना मागची गोष्ट थोडक्यात सांगे आणि ती माझ्या वाचण्यापेक्षा चांगली वठे.

शहागंज

बुधवारी सकाळी "हिमरूची शाल बघून येते" असं सांगून मी निघाले. आशा मरत नाही. जुनी पुस्तकं विकणारे शहागंजच्या आसपास असतात असं रिक्षावाल्यानं सांगितलं होतं. वाटलं, एखादी धड प्रत मिळून जाईल.

तिसऱ्या दुकानात म्हातारे युसुफभाई भेटले. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. पुढं रद्दी आणि जुनी पुस्तकं, मागं बांधणीचं टेबल. मधोमध खळीची पातेली, शिजवलेल्या मैद्याचा आंबूस वास. मी पिशवीतून माझी प्रत काढली आणि अशी दुसरी आहे का विचारलं. त्यांनी ती हातात घेतली, दादानं केलं तेच केलं. पाठीच्या दोऱ्यांवर बोट फिरवलं. आणि चष्मा काढून ठेवला.

"बैठो आपा. ये मैने सिया है."

"म्हणजे?"

"ये किताब. मेरे हाथ का टाका है. देखो, दोहरी गाठ. अब कोई नै डालता."

मग त्यांनी मला जुजबंदी समजावून सांगितली. छापलेला मोठा कागद दुमडला की सोळा पानांचा एक जुज होतो. टेबलाभोवती जुजांचे गठ्ठे मांडायचे, फेरी मारत प्रत्येक गठ्ठ्यातून एकेक उचलायचा, आणि शिवायचं. युसुफभाई तेव्हा तिशीत होते. मराठी वाचता येत नव्हतं. छापखान्यातून गठ्ठे आले, त्यांनी मोजले.

"बारा होना, बारा थे. मैने सी दिया. गिनती बराबर थी, आपा. मेरेकू क्या मालूम एकच जुज दो गठ्ठे में आया, और आखिर का आयाच नै."

"सगळ्याच प्रतींत?"

"सब में. लिखनेवाले साब आये, देखे, बोले, अब रहने दो. फिर छपी भी नै."

मी त्या जिन्याखाली बसून राहिले. म्हणजे त्या शास्त्रींची गोष्ट जगात कुठंच पूर्ण नव्हती. कोल्हापुरात नाही, इथं नाही, कोणाच्याच कपाटात नाही.

"कोणी तक्रार नाही केली?" मी विचारलं.

"एकच आये थे, पैंतीस साल हुए. एक पंडितजी, तहसिल में काम करते थे. मैं डर गया, अब चिल्लाते करके. वो चिल्लाये नै. यहीं बैठे, चाय पिये, और बोले, भाई, मेरे शास्त्री का हाथ हवा में लटका हुआ है." युसुफभाईंनी स्वतःचा तळहात वर धरून दाखवला. "उस के बाद मैने मराठी पढना सीखा. पहले यहीच किताब पढी. लटका हुआच है."

मला असं हसू आलं की युसुफभाईंनी पाणी मागवलं. अर्धा ग्लास. म्हणजे दादाला पस्तीस वर्षांपासून ठाऊक होतं. शेवट नाही हे माहीत असूनच त्यानं शेवट ऐकायची अट घातली होती. मी त्याला फसवायला निघाले होते आणि त्यानं मला फसवून कोल्हापूरहून बोलावलं होतं.

ते पंडितजी म्हणजे माझाच भाऊ, असं मी सांगितलं, तेव्हा निघताना युसुफभाई म्हणाले, "आखिर मालूम पडे तो मेरेकू जरूर बोलना." आणि एका कागदावर त्यांनी आपला फोन नंबर, नीट मराठी आकड्यांत, लिहून दिला.

इतकं कळल्यावर माणसाला भूक लागते. पलीकडच्या खाणावळीत मी नान-खलिया खाल्ला. भट्टीतून निघालेला हळदी रंगाचा, तकतकीत नान आणि रश्शात मुरलेलं मटण. तो रस्सा कोल्हापुरी रश्शासारखा अंगावर येत नाही. शेजारी येऊन बसतो आणि बराच वेळ उठत नाही. लग्नानंतर कोल्हापुरात मी काय काय खायला लागले ते दादाला कधीच सांगितलेलं नाही. शाल घ्यायची राहूनच गेली.

पुन्हा सातारा परिसर

गुरुवारी दुपारी बैठक भरली. दादा खुर्चीत, कडूबाई उंबऱ्यात पाय पसरून, तिच्यामागं आता तीन बायका. शेवट ऐकायला.

मी रात्रभर विचार केला होता. ठरवलं होतं की वाचायचं. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, पण मेधाच्या तिकिटाला माहीत नाही. मी असा शेवट रचला होता की तो ऐकून दगडसुद्धा विमानात बसला असता.

एकशे शहात्तरावं पान आलं. "शास्त्रींनी तळहातावर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि," मी वाचलं, पान उलटलं, आणि समोर पुन्हा एकशे एकसष्टावं पान असताना पुढं चालू ठेवलं. दूर कुठंतरी घंटा वाजली. हजारो उंच माणसं एकदम थांबली. आकाशात प्रकाश पसरला आणि एक गंभीर ध्वनी म्हणाला की जिथं तू बसशील तिथंच माझं द्वीप. शास्त्रींच्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारच्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मी आवाज खाली आणला, श्वास घेतला, आणि शेवटचं वाक्य टाकलं. छान झालं होतं. आमच्या मंडळीत असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

दादा कपाटाकडे बघत होता.

"युसुफभाई बरे आहेत का?" त्यानं विचारलं.

मी पुस्तक मिटलं.

"हिमरू आणायला गेलीस आणि खळीचा वास घेऊन आलीस," तो म्हणाला. "आणि खलियाचा. डोळे गेलेत, नाक नाही."

"मग काल का नाही बोललास?"

"म्हटलं, बघू काय रचतेस. वाईट नव्हतं. पण शास्त्रींना एवढं बोलणारा देव भेटला असता तर ते दोन दिवसांत कंटाळून परत आले असते."

कडूबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "म्हंजी, ताई, शेवट नायच?"

"नाही. छापलाच नव्हता."

"आन् ह्ये काय वाचलं मंग?"

"मी रचलं."

"चार दिस मी भांडी तशीच ठिवून ऐकलं," ती म्हणाली. "ह्या बायायला सांगून ठिवलं, गुरुवारी शेवट हाये म्हून. एक तर पापड लाटायचे सोडून आली." पापडवाली बाई मान डोलवत उठली आणि निघून गेली. मला तीस वर्षांत इतका सरळ निषेध कुठल्या प्रेक्षकानं केला नव्हता.

मी दादाला विचारलं, "नाही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचंस."

"लेकीला?" तो म्हणाला. "जीभ रेटत नव्हती. म्हटलं, पुस्तक नाही म्हणेल माझ्या वतीनं. मिळणारच नाही असं वाटलं होतं. तू कशाला शोधत बसलीस?"

"मग मला येऊ तरी कशाला दिलंस?"

"वाचायला. दिसेनासं झाल्यापासून कोणी वाचून दाखवलं नव्हतं."

खाली कुणाची तरी रिकामी बादली घरंगळत गेली. मी जमिनीवरच बसले.

"शके, मी जन्मभर लोकांच्या तळहातावर पाणी घातलं," दादा म्हणाला. "त्यांना त्यांचा पत्ता सांगितला. शिकलेल्यांना, अडाण्यांना. कधी अडखळलो नाही. आणि आता नातू समोर बसेल, हात पुढं करेल, मी पाणी घालेन, आणि पुढं काय? मेधा म्हणते, तिथले गुरुजी कुठलं तरी द्वीप म्हणतात. असेल बरोबर. माझ्या तोंडाला ते परकं वाटतं. खोटा पत्ता देऊन मुंज लावायची का मी?" मग अगदी हळू म्हणाला, "आणि खरं सांगू, दमलोय. देव माझ्या आधी तिथं पोचला असेल की मलाच न्यावा लागेल, हे कळत नाही. नेण्याएवढं बळ नाही राहिलं."

पुरवायला माझ्याकडे वाक्य नव्हतं.

कडूबाईनं भांडं पुढं ओढलं आणि राखेनं घासायला घेतलं. घासता घासताच म्हणाली, "काका, त्यात येवढंच सांगायचं आसतं ना, गंगेच्या कोणत्या अंगाला?" इकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

"ते मुख्य. बाकी सांगता येईल कसंतरी."

"मेधाताईचं गाव वरल्या अंगाला हाये का खालल्या?"

"वरच्या. उत्तरेला."

"मंग वरलंच म्हणा की."

"अगं, ते हजारो कोस लांब आहे."

"मपल्या लेकाचं लगीन तुम्हीच लावलं, देवगावात. व्हय का नाय? तवा काय म्हणले होते?"

"उत्तर तीरी."

"आन् देवगावातून गंगा कुठं दिसती? दीस उगवायला निघालं तर दीस बुडायला बी पोचत नाय माणूस. कामून म्हणले मंग तीर? तीर किती लांबवर चालतो, ह्ये कुठं लिव्हलंय का तुमच्या पोथीत?"

दादा म्हणजे तहसिलात एवढी वर्षं काढलेला माणूस. जमिनीच्या कुठल्या गटाची हद्द कुठं संपते ते तोंडपाठ. तीराची हद्द कुठं संपते हे त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं. त्याची बोटं हलत होती, म्हणजे मनातल्या मनात काहीतरी म्हणून बघत होता.

"लिहिलेलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"मंग," कडूबाई म्हणाली आणि भांडं उपडं ठेवलं. "आन् त्या शास्त्र्याला सांगा, पाणी भांड्यात परत वतायचं आसंल तर ठीक. कोरड्या गावात खाली सोडू नका म्हणा."

"कडूबाई, चहा ठेव," दादा म्हणाला. "पूर्ण कप."

कोल्हापूर

संध्याकाळच्या बसनं मी परत आले. पुस्तक दादाकडेच ठेवलं. तो जातो म्हणाला नव्हता आणि मी विचारलं नव्हतं. घरी आल्यावर पहिल्यांदा नळ सोडला आणि तो तसाच वाहताना बघून लगेच बंद केला. आठवडाभर मी घरच्यांना अर्धा ग्लास देत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मग तांब्या लपवायला लागले.

तीन आठवड्यांनी मेधाचा फोन आला. आवाज हसरा होता पण दमलेला, मुंज उरकल्यावर असतो तसा.

"आत्या, बाबांनी आम्हाला घाम फोडला. संकल्पाला आयुषच्या हातावर पाणी घातलं आणि थांबले. एवढे थांबले की सगळ्यांना वाटलं, विसरले. पोरानं दुसऱ्या हाताचा टेकू दिला. मी पुढं होणार तेवढ्यात म्हणाले, गोदावरीच्या उत्तर तीरी. अगदी तसंच, देवगावात म्हणायचे तसं. इथले गुरुजी म्हणाले, काका, इथं हे कसं चालेल? तर बाबा म्हणाले, नकाशा काढा."

"मग?"

"मग काय. पाणी सोडलं."

फोन ठेवून मी पिशवीतला तो कागद शोधला आणि युसुफभाईंना नंबर लावला. त्यांना ऐकू कमी येत असावं, मला दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं. "युसुफभाई, हात खाली आला. तुमच्या पंडितजींनी आणला."

तिकडं दुकानातला पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"अच्छा हुआ, आपा," ते म्हणाले. "पैंतीस साल बहोत होते. हाथ दुखता है."